ग्रुश्निकच्या राखेचा अहवाल

हवा ही सर्वांची असते. धूर मात्र नेहमी शेजाऱ्याचा असतो. या तत्त्वावर पोलंडच्या डोंगरातलं ग्रुश्निक गाव वर्षानुवर्षं सुरळीत चाललं आहे. गावात धुराडी दोनशे बारा. गेल्या हिवाळ्यात धुराविरुद्ध तक्रारीही दोनशे बाराच आल्या. स्वतःच्या धुराड्याविरुद्ध शून्य.

म्हणून ग्रामकार्यालयाने बंदी आणली. वारा पडला की धूर गावातच ठाण मांडतो, सबब त्या दिवशी शेगडी पेटवायची नाही. आता डोंगरात हाडं गोठवणारी थंडी पडते ती नेमकी वारा पडल्यावर. म्हणजे शेगडीला परवानगी मिळते, ती तिची गरज नसलेल्या दिवशी. (नियम पाळणं लोकांना जड जाऊ नये, ही कार्यालयाची कळकळ.)

चौऱ्याहत्तर वर्षांच्या गेनोवेफाबाईंच्या घरात ऊब देणारी वस्तू एकच: हिरव्या फरशांची, छताला टेकलेली शेगडी. तिच्यावरच अळंबी वाळायची, तिच्यावरच नाताळच्या संध्याकाळचं बीटाचं सार उकळायचं. यंदा अकरा माणसं जेवायला येणार होती. तेवढ्यात, डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात, वारा पडलेला असताना बाईंच्या धुराड्यातून धूर निघाला आणि ग्रामकार्यालयाचे कालिता निरीक्षक दारात हजर झाले. त्यांची डिझेलची गाडी बाहेर चालूच होती. बंद केली तर आतला हीटर थंड पडतो.

राखेचा नमुना घ्यायला सरकारी चमचा नव्हता. बाईंचा साराचा चमचा घेतला, तो पुरावा म्हणून जप्त झाला.

आठवड्याने प्रयोगशाळेचा अहवाल आला. बीचचं लाकूड एकसष्ट टक्के, नासपतीचं आठ टक्के, आणि चकचकीत रंगीत कागद एकतीस टक्के. तो विषारी. त्याची शिक्षा म्हणजे शेगडीला सील.

"आजी, मासिकं जाळता?" कालितांनी विचारलं.

"मासिकं घ्यायला मी काय सरपंचाची बायको आहे? तुमचीच पुस्तिका. 'स्वच्छ श्वास, सुखी गाव.' दर महिन्याला तीन येतात. एक मला, एक नवऱ्याला, एक सासूबाईंना."

"मग ते दोघं वाचत नाहीत?"

"दोघं स्मशानात आहेत, साहेब. श्वासाचा प्रश्न त्यांनी केव्हाच मिटवलाय. तुमच्या यादीत तेवढे जिवंत आहेत."

कालितांनी नोंद केली: मृतांच्या नावे आलेलं साहित्य जाळलं, गुन्हा दुप्पट.

मग गावभर राख तपासली. दोनशे बाराही घरांत तोच कागद. अहवालाने निर्विकारपणे लिहिलं की ग्रुश्निकच्या हवेतलं सगळ्यात घातक द्रव्य म्हणजे हवाशुद्धीची मोहीम. कार्यालयाने तातडीची बैठक घेऊन 'ही पुस्तिका जाळू नये' अशी नवी पुस्तिका काढली. सहज पेट घेऊ नये म्हणून कागद दुप्पट जाड घेतला. (गेनोवेफाबाईंचा अनुभव असा की तिची धग दुप्पट टिकते.)

वीस डिसेंबरला कालिता सील घेऊन आले. सोबत आदेशाचा कागद होता, तो त्यांनी मोठ्याने वाचला. शेवटी लिहिलं होतं: सत्तरीपुढच्या ज्या नागरिकाला उबेचं दुसरं साधन नाही, त्याने पुस्तिकेच्या पान अकरावरचा अर्ज तीस नोव्हेंबरपर्यंत दिला असल्यास शेगडी तहहयात शाबूत. आलेले अर्ज: शून्य.

बाई खुर्चीत बसल्या. "हे पान अकरावर होतं?"

"वर्षभर होतं."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"मला कुठे माहीत? मी पुस्तिका वाटतो, आजी. वाचत नाही."

"सरपंचाला तरी माहीत असेल. त्याची आई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे."

"त्यांच्याकडे परवाच सील लावलं," कालिता खाली बघत म्हणाले. "पुस्तिकेवर त्यांचीच सही आहे. छापली कुणी आणि लिहिली कुणी, त्याची चौकशी चालू आहे."

"मग सार कशावर करू? अकरा जण येतायत."

चकचकीत, चार रंगांचं, जाड कागदी सील कालितांनी शेगडीच्या दारावर चिकटवलं आणि अंगठ्याने नीट दाबलं. गेनोवेफाबाईंनी चष्मा लावला, सीलचा कोपरा नखाने चाचपून पाहिला आणि म्हणाल्या, "जा साहेब, गाडी चालू आहे तुमची. सार होईल."

सार झालं. अकराही जण पोटभर जेवले, आणि पान अकरावरून कार्यालयाला, सरपंचाला, झालंच तर कालितांच्या आईला मनसोक्त शिव्या घातल्या. पुस्तिका उघडली होती का, असं कुणी कुणाला विचारलं नाही.

तुम्हीही हसलात. हसा. परवा तुमच्या दाराखालून एक कागद आत सरकला होता. त्यावर आता तुमच्या घरात काय ठेवलंय, तेवढं उठून बघून या.