पॅथॉलॉजीची आरती

मुलुंडच्या मालनताई परबांनी त्या दिवशी मनात एवढंच आणलं होतं, की नवऱ्याला पाठांतरात थोडी मदत करावी. (मालनताईंनी मदत करायची ठरवली की पुढे काय होतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असायला हवं होतं. पण बाईंचा स्वभाव आशेचा.)

जयवंतराव एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजीच्या बिलांच्या खिडकीवर बसत. अक्षर असं, की लघवीच्या तपासणीचं बिलही लग्नपत्रिकेसारखं दिसावं. मालनताईंना त्याचा भारी अभिमान. पण त्या वर्षी हॉस्पिटलात कॉम्प्युटर आला आणि त्याला कुणाच्या अक्षराशी देणंघेणं नव्हतं. त्याला तपासणीचं नावही नको, फक्त कोडनंबर हवा. मोठ्या साहेबांनी, म्हणजे श्यामसुंदर साहेबांनी, फर्मान काढलं: सोमवारी तोंडी परीक्षा. ज्याला कोड येणार नाहीत, तो तळघरात चादरी मोजायला.

आणि जयवंतराव म्हणजे कोथिंबीर आणायला निघाले, की जिन्यातून परत येऊन "काय आणायचं म्हणालीस?" असं विचारणारे.

"प्लेटलेट एकशे सात," ते डोळे मिटून म्हणाले.

"चुकलं. एकशे सात विडाल. टायफॉइडची. परत पहिल्यापासून."

"माझी वाट लागली गं मालन. चादरी मोजत रिटायर होणार मी."

"असं अशुभ बोलू नये. तो कॉम्प्युटर असतो तरी कसा हो?"

"काचेच्या खोलीत, गारेगार हवेत ठेवलाय. चपला बाहेर काढून आत जायचं. लांबूनच बघायचं, हात लावायचा नाही."

वाती वळणारे मालनताईंचे हात थांबले. चपला बाहेर, शिवाशिव नाही, आणि ठरलेले शब्द म्हटल्याशिवाय पावत नाही. हे सगळं त्यांच्या फार ओळखीचं होतं.

"अहो, गणपतीची आरती आपण कधी पाठ करत बसलो होतो का? चालीबरोबर आली जिभेवर."

झालं. त्यांनी कोड आरतीच्या चालीत बसवायला घेतले.

*एकशे एक हिमोग्लोबिन, दोन ईएसआर ।*
*विडाल एकशे सात, प्लेटलेट एकशे चार ।।*

रक्ताचं एक कडवं, साखरेचं दुसरं, किडनीचं तिसरं. लघवी आणि शौचाचे कोड मात्र देवाच्या चालीत घालायला त्यांचं मन धजेना. ते त्यांनी कोळी नाचाच्या चालीत बसवले, आणि तेही गॅलरीत जाऊन, पायात चपला घालूनच म्हणायचे, अशी अट घातली. शिवाय नवस बोलल्या: हे पास झाले, तर चतुर्थीपर्यंत रोज देवळात दोन्ही वेळा आरती म्हणेन.

तीन दिवस घरात घंटा, टाळ्या आणि "परत पहिल्यापासून" एवढंच चाललं होतं.

रविवारी वरच्या मजल्यावर सीताराम अण्णांकडे सत्यनारायण होता. आरतीला सुरुवात करायचा मान नेहमीच मालनताईंचा. त्यांनी निरांजन घेतलं, भक्तीने डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "एकशे एक हिमोग्लोबिन…"

मंडळींनी टाळ्यांचा ठेका धरला. आरतीत निम्मे लोक शेवटचा शब्दच पकडतात, त्यामुळे "ईएसआर"ला अख्खी खोली एका सुरात आली. जयवंतरावांना मात्र कळलं होतं. पण ते थांबवतील कशाला? आयुष्यात पहिल्यांदा ते न अडखळता शेवटपर्यंत जात होते. क्रिएटिनिनला तर त्यांनी दोन टाळ्या जास्तच वाजवल्या.

शेवटी भटजी म्हणाले, "वहिनी, ही आरती आमच्या पुस्तकात नाही हो. कुठली म्हणायची?"

मालनताईंच्या तेव्हा कुठे लक्षात आलं. "आमच्या ह्यांच्या… हॉस्पिटलची," त्या कशाबशा म्हणाल्या.

"म्हणजे रोग हटवण्याचीच ना? मग चालेल." भटजींनी आरतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावला. "चाल झकास बसवलीय."

सोमवारी काचेच्या खोलीत परीक्षा झाली. साहेबांनी एकेक तपासणी विचारावी, जयवंतरावांनी डोळे मिटून टेबलाखाली टाळ्या वाजवत थेट हिमोग्लोबिनपासून निघावं आणि बरोबर मुक्कामाला पोचावं. वेळ लागे, पण चूक नाही.

"लघवी, रुटीन?"

जयवंतराव उठले. "साहेब, ह्याचं उत्तर बाहेर जाऊन, चपला घालून देतो."

काचेपलीकडे त्यांनी वल्हं मारल्यासारखे हात केले, दोन पावलं नाचले आणि आत डोकावून नंबर सांगितला. तोही बरोबर.

"परब, पास," साहेब थक्क होऊन म्हणाले. "फक्त खिडकीवर टाळ्या जरा हळू वाजवा. आणि मिसेसना विचारा, एक्स-रेचं काही करतील का."

दिवसभर उपाशी बसलेल्या मालनताईंना हे ऐकून रडूच आलं. काय नवरा, काय त्याची बुद्धी. दुसऱ्या दिवशी सकाळी नवस फेडायला दोघं देवळात गेली. मालनताईंनी घंटा वाजवली, हात जोडले, डोळे मिटले.

"एकशे एक…"

थांबल्या. जीभ चावली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा हिमोग्लोबिन. तिसऱ्यांदा दोन ओळी खऱ्या आल्या, आणि टाळीच्या ओघात साखरेचं अख्खं कडवं येऊन गेलं. पुजारी निरांजन धरून ताटकळले.

शेजारी जयवंतराव उभे होते. त्यांनी शांतपणे खिशातून आरतीसंग्रह काढला, चष्मा नाकावर चढवला, ओळीवर बोट ठेवलं.

"चुकलं," ते म्हणाले. "परत पहिल्यापासून."