येसूबाईंचे चार फोन

येसूबाईंनी ठरवलं होतं ते एवढंच, की मालनच्या दारात तारवाला का थांबलाय ते बघून यायचं. (बघून यायचं आणि लगेच आमटीला फोडणी द्यायची. ती आमटी त्या दिवशी झालीच नाही.)

तार मालनच्या नवऱ्याची होती. विठू बोटीवरचा खलाशी. गेलं अख्खं वर्ष बोटीची वाट बघत घरी काढलेलं, आता कुठे बोलावणं आलं म्हणून कालच्या एसटीने मुंबईला गेलेला. तारेत होतं, ‘बोटीचं पुस्तक ट्रंकेत नाही. ऑफिस साडेपाचला बंद. फोन कर.’ खाली तिथल्या कुठल्याशा हॉटेलाचा नंबर. पुस्तक, म्हणजे खलाशाचा परवानाच, वेळेत दाखवलं नाही, तर बोटीवर दुसरा माणूस चढणार.

"हरवलं काय गो?" येसूबाईंनी विचारलं.

"हरवतंय कसलं! मीच दुसरीकडे ठेवलंय. ट्रंका फोडतात ना एसटीत! स्टँडवर सांगीन म्हटलं, तर गर्दीत राहूनच गेलं."

"दुसरीकडे म्हणजे कुठे?"

मालनने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ते मी त्यांनाच सांगीन, काकी."

झालं! येसूबाईंचा जीव तिथेच खालीवर व्हायला लागला. उलट तार करू, मजकूर मीच लिहून देते, असं त्यांनी सुचवून पाहिलं. (मजकूर लिहायचा म्हणजे जागा कळणारच की.) पण तार जाणार विठूच्या खोलीवर, आणि विठू बसलेला हॉटेलात फोनापाशी. ते बारगळलं.

आळीत फोन एकच, रावजींचा. रावजींनी एक्स्चेंजला विचारलं. मे महिना, सगळ्या लायनी आंबेवाल्यांनी अडवलेल्या. एका नंबरावरून एका वेळी एकच ट्रंककॉल बुक होईल, लागायला तीन तास, नाहीतर चार. घड्याळात दीड वाजलेला. मालनच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"एका नंबरावरून एकच ना?" येसूबाई म्हणाल्या, "मग आपण नंबर वाढवू."

रावजींनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं घालवूनही त्यांना नियमातली ही फट कधी दिसली नव्हती.

रावजींकडचा कॉल बुक करायला लावून, चपला सरकवून येसूबाई निघाल्या. एक कॉल डॉक्टरांच्या दवाखान्यातून, एक लाकडाच्या वखारीतून, आणि एक थेट बंदरावरच्या मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यातून. तिथे त्यांचा भाचा महिपत कारकून होता. सगळीकडे ताकीद एकच: "लागला की सोडायचा नाही. विठूला धरून ठेवा आणि मालनला निरोप धाडा."

चार वाजले, सव्वाचार झाले. मग रावजींचा फोन खणखणला आणि येसूबाईंनी झडप घातली.

"मुंबईचा नंबर एंगेज आहे," ऑपरेटर म्हणाला.

"कोण मेला एवढा बोलतोय?"

"रत्नागिरीचाच कॉल आहे, बाई. बर्फाचा कारखाना."

"अहो, तो आमचाच!"

"मग तुमचाच माणूस तुम्हाला आडवा आलाय. मी काय करू?"

"तोडा त्याला!"

"तोडतो कसा? पार्टीने आत्ताच आणखी तीन मिनिटं मागून घेतलीत."

महिपत शब्दाचा पक्का. त्याने विठूला सोडला नाही. मुंबईत उकडतं का, पाण्याचं कसं काय, सगळी विचारपूस केली. मालनला बोलवायला कारखान्यातल्या दुसऱ्या फोनवरून रावजींकडे लावावा, तर लाइन अडवून येसूबाई ऑपरेटरशी भांडतायत. तो सुटतोय तोवर डॉक्टरांचा कॉल लागला. पुस्तक सापडत नाही म्हणून विठू रडकुंडीला आला, तेव्हा डॉक्टरांनी शांतपणे विचारलं म्हणे, "हे कधीपासून?" वखारीचा कॉल तेवढा येसूबाईंनी हातापाया पडून रद्द करवला.

पाचाला दहा मिनिटं असताना रावजींच्या फोनवर विठू आला. तोवर अर्धी आळी त्यांच्या पडवीत जमलेली.

"अहो, पुस्तक ना..." मालन पुटपुटली.

"हॅलो! कोण? बर्फवाले काय?" विठू तिकडून ओरडत होता.

मालनने पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. एक मिनिट गेलं. तिने रिसीव्हर येसूबाईंच्या हातात कोंबला. "काकी, तुम्हीच ओरडा. तुमचा आवाज पोचतो."

"सांग, कुठे?" येसूबाईंनी कान पुढे केला. दुपारपासून ज्या क्षणासाठी त्या उन्हातान्हात वणवण फिरल्या, तो हा क्षण!

मालनने पडवीभर नजर फिरवली आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

येसूबाईंनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि मालनकडे डोळे वटारले.

"मिनिटभर उरलंय," रावजी म्हणाले.

येसूबाईंनी छातीभर श्वास घेतला. "विठू! पुस्तक लाडवांच्या डब्यात आहे! तळाला!"

"कोणाच्या लाडवांच्या?"

"मी दिलेल्या!"

"मी म्हणजे कोण?"

"मी! येसूकाकी! माझ्या लाडवांना कोण हात लावणार नाय म्हणून तिथे ठेवलंय!"

पडवीत कोणालातरी जोराचा ठसका लागला. तिकडून विठूचा आवाज इतका मोकळा झाला, की रिसीव्हरबाहेर सगळ्यांना ऐकू आला:

"मग आहे, काकी, आहे! खोलीत आम्ही चौदा जण, सकाळपासून डबा फिरतोय, पण अजून काठोकाठ भरलेला!"