फणसाच्या लाकडाचे हात

मनोहरकाका माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, हातांकडे बघून बोलतात. तुम्ही म्हणावं, "काका, बरे आहात ना?" तर ते तुमच्या करंगळीकडे टक लावून म्हणणार, "आहे की. जरा सरळ धर बघू." मग खिशातून घडीचा कागद निघतो, कानामागची पेन्सिल खाली येते आणि भर बाजारात, कोथिंबिरीच्या टोपलीशेजारी, तुमचा पंजा कागदावर टेकवून काका त्याची कड आखून घेतात. वर मनगटाची जाडीही मोजतात.

आम्ही परटवण्याच्या वाडीत राहतो. त्यांच्या आणि आमच्या परसात चिऱ्यांच्या गडग्याची बुटकी भिंत काय ती मध्ये. काका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर लोक देवळाच्या कमिटीवर जातात. काकांनी सीएनसी राउटर मागवला. कॉम्प्युटरवर आकृती काढायची आणि ती या यंत्राने लाकडात कोरायची. दोन खोक्यांतून आलेले त्याचे तुकडे जोडायला काकांना आठ दिवस लागले. पहिल्या दिवशी फळी नीट आवळली नव्हती, ती उडून पपईच्या झाडावर आदळली. दुसऱ्या दिवशी इंच आणि मिलिमीटरचा घोळ झाला आणि हातभर लांब फळीवर पालीच्या पंजाएवढं काहीतरी उमटलं. ते बघून माझ्या आईने देवाचं नाव घेतलं.

"आधी शून्य धरावं गो बाय," काका मला समजावायचे. "सुरुवात कुठून ते यंत्राला सांगितलंच नाही, तर ते बिचारं काय करील? शून्य चुकलं की बोटं फळीच्या बाहेर जातात."

आम्हाला वाटलं, हात बसला की काका देव्हारे करतील, दारावरच्या पाट्या करतील. काकांनी फक्त हात केले. फणसाचं लाकूड ताजं असताना हळदीसारखं पिवळं असतं. काका त्या पंजांच्या कडा कानशीने गोल करत, तेल लावत आणि मागच्या पडवीत दोरीला वाळायला टांगून ठेवत. वारा आला की ते एकमेकांवर आपटत. दुपारी वाडी निजलेली असताना कुणीतरी सावकाश टाळ्या वाजवल्यासारखा आवाज येई. पुढे पुढे लाकूड मुरून हात तपकिरी व्हायचे, अगदी माणसाच्या कातडीसारखे.

तरी तोवर लोक हसत होते. मग सुमनवहिनी गेल्या. त्यामागून टपाल वाटणारे सावंतमामा, मग मासळीवाली जैतूनबी. तिघांचेही हात काकांनी महिनाभर आधी, त्यांच्या आजारपणात, आखून नेले होते.

झालं. काका समोरून आले की बायका पदराखाली हात घ्यायला लागल्या. पुरुष खिशात. कोपऱ्यावरचे बंडूनाना तर मुठीच वळायचे, त्यामुळे ते काकांना मारायला निघालेत असंच परक्याला वाटे. काकांच्या घरचं जाणं-येणं थांबलं. त्याचा त्रास सगळ्यात जास्त झाला तो काकांच्या बायकोला, सरूकाकींना. काकी पूर्वी घरोघर बांगड्या भरायच्या. अख्ख्या वाडीची मनगटं त्यांच्या हातांखालून गेलेली. काचबिंदूने दृष्टी गेली, तशा त्या घरातच बसून असत.

आई आजारी पडली, तेव्हा चौथ्या दिवशी काका दारात. हातात कागद.

"काका, निघा," मी म्हटलं.

"पाच मिनिटं, गो."

"एक मिनिटसुद्धा नाही."

तेवढ्यात आतून आई म्हणाली, "येऊ दे त्यांना." आणि तिने आपणहून हात पुढे केला. लहानपणी दारात चेमटून तिची करंगळी वाकडी झाली होती. काकांनी त्या वाकड्या बोटाभोवती पेन्सिल इतक्या हळू फिरवली, की मला शिसारी आली. आठ दिवसांनी आई गेली. मी काकांशी बोलणं टाकलं.

वर्ष होत आलं होतं. एका दुपारी मी गडग्यापाशी कपडे वाळत घालत होते. वारा अजिबात नव्हता. पलीकडच्या खिडकीतून काकींचा आवाज आला.

"शालू, करंगळी अजून दुखते काय गो? हवा कुंद झाली की दुखायचीच ती. आण इकडे, चोळून देते."

शालू म्हणजे माझी आई.

हातातला पंचा कुठे पडला ते मला कळलं नाही. मी गडगा ओलांडून त्यांच्या पडवीत गेले. काका यंत्रावरचा भुसा झाडत होते. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. खिडकीतून आतलं दिसत होतं. भिंतभर खिळ्यांना हात टांगलेले, आणि खाटेवर काकी, मांडीवर वाकड्या करंगळीचा एक तपकिरी हात घेऊन.

"लाकूड आहे ते तिला कळतं," काका कुजबुजले. "वेडी नाही ती. पण डोळे गेल्यापासून म्हणायला लागली, माणसं पुसट होत चालली माझी. तिने तोंडं कधी नीट बघितली होती? सगळा जन्म हातच बघितले."

"मग मरायला टेकलेल्यांचे आधी का घेता?"

"त्यांचे नंतर मिळायचे नाहीत, म्हणून. तुमचे काय, सावकाश घेता येतील." मग माझ्या हातांकडे बघत म्हणाले, "म्हणजे, तुम्ही दिलेत तर."

काकांनी माझं मनगट धरलं आणि पाय न वाजवता मला आत नेलं. काकींच्या मांडीवरचा हात त्यांनी अलगद उचलून घेतला.

"दुसरा देतो," ते म्हणाले, आणि माझा हात तिथे ठेवला.

काकींनी पेरं चाचपली. अंगठ्याखालचा उंचवटा दाबून पाहिला. "सव्वादोनची बांगडी," त्या म्हणाल्या. "शालूच्याच वळणाचा आहे. पण गरम कसा हो? आत्ता मशीनवरून उतरवलात?"



काकींची बोटं सवयीने मनगटापर्यंत आली. तिथे त्यांचे सगळे हात संपत. हा संपला नाही. बोटं थबकली, मग भीत भीत पुढे सरकली, कोपरापर्यंत गेली, तिथून दंडाला लागली.

"अगो बाय," काकी अगदी हळू म्हणाल्या. "घरात कोण आलंय?"

"मी चहा टाकतो," काका म्हणाले, आणि स्वयंपाकघराकडे न वळता मागच्या परसात निघून गेले.