शंभरावर नेलेला आवाज

पाचला वीस मिनिटं कमी असताना ग्रंथपालांनी टीव्ही लावला, आणि टीव्ही बोलेना. चित्र झकास होतं. एक माणूस जीव तोडून छत्री विकत होता, पण तोंडातून शब्द नाही. एरवी ग्रंथपालांना असा टीव्ही मागूनही मिळाला नसता. पस्तीस वर्षं त्यांनी वाचनालयात लोकांना गप्प केलं होतं आणि निवृत्त झाल्यावर तेच काम घरी आणलं होतं. आज मात्र त्यांना आवाज हवा होता.

कारण पाच वाजता त्यांची बायको टीव्हीवर बोलणार होती. बसस्थानकावर चौतीस वर्षं गाड्यांच्या घोषणा करून ती गेल्या महिन्यात निवृत्त झाली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, हे सगळं गाव तिच्या आवाजात ऐकत आलं होतं. घरात त्या आवाजाला एकच उत्तर मिळायचं, "अगं, हळू." मुलाखत थेट होती, पुन्हा दाखवणार नव्हते. निघताना ती दारात घुटमळली.

"अहो, शेवटी तुमच्याबद्दल बोलणार आहे. बाकीचं नाही ऐकलंत तरी चालेल, तेवढं ऐका."

"ऐकतो गं. जा तू, उशीर होईल."

ग्रंथपालांनी रिमोटचं बटण दाबलं. पडद्यावरचा आकडा चाळीस, साठ करत शंभरावर गेला. त्या घरात तो बाराच्या पुढे पहिल्यांदाच जात होता, आणि तोही फुकट. शेवटी त्यांनी टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला.

"म्यूट नाही ना झालाय?"

"नाही. सगळी चॅनल मुकीच आहेत."

"मग आवाज दुसरीकडे जात असणार. कानात घालायचं काही जोडलंय का?"

"आमच्या घरात असलं काही नाही," ग्रंथपाल ताठ्यात म्हणाले. "सहा महिने झाले, माझी बायको आवाज बंद ठेवूनच टीव्ही बघते. दुपारी माझी झोपेची वेळ असते ना. मीच सवय लावलीय."

"आवाज बंद ठेवून? आणि त्यांना कळतं?"

"न कळायला काय झालं? हसतेसुद्धा."

"असं होय. मग वायरी काढून परत लावा," असं म्हणून त्याने हात टेकले आणि फोन ठेवला.

ग्रंथपालांनी टीव्ही भिंतीपासून ओढला, वायरी उपटल्या, आणि कोणती कुठली हे विसरून अंदाजाने परत खोचल्या. पडद्यावर एक चक्र गरगरत राहिलं. पाच वाजून गेले. चक्र थांबलं तेव्हा समोर साक्षात बायको बसलेली होती, आणि तीही मुकीच. त्यांनी टीव्हीला कान लावला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून कसलीशी कुणकुण यायला लागली, डास अडकल्यासारखी. आधीच जीव टांगणीला लागलेला, त्यात ही कटकट. त्यांनी चरफडत जाऊन स्वयंपाकघराचं दार घट्ट लावून घेतलं आणि पुन्हा टीव्हीला कान लावला.

आता बायको निवेदिकेकडे न बघता सरळ समोर बघत होती. ती थांबली आणि पुन्हा बोलू लागली. हा आपलाच भाग, हे ग्रंथपालांना आवाजाशिवाय कळलं. ते तसेच अनवाणी वर शिंपीदादांकडे धावले. टीव्ही मोठ्याने लावता म्हणून याच शिंपीदादांना त्यांनी तीन तक्रारपत्रं लिहिली होती.

"टीव्ही लावा! आवाज वाढवा!"

शिंपीदादांनी शांतपणे टीव्ही लावला. "तुमच्या तिसऱ्या पत्रापासून आम्ही चारच्या वर नेत नाही, साहेब."

"न्या हो. हवं तर लेखी देतो."

चॅनल सापडून आवाज वाढेपर्यंत निवेदिका डोळे टिपत होती. "तुमच्या मिस्टरांना हे ऐकून काय वाटलं असेल!" ती म्हणाली, आणि जाहिराती लागल्या.

"काय म्हणाल्या वहिनी?" शिंपीदादांनी विचारलं. ग्रंथपाल जिना उतरले आणि तसाच चालू असलेल्या टीव्हीसमोर बसून राहिले.

खरं काय ते सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण सात वाजता ती आली तेव्हा तिचा चेहरा इतका उजळलेला होता की त्यांची जीभ रेटेना.

"ऐकलंत?"

"ऐकलं ना. शब्द न् शब्द."

"शेवटचंही? मला वाटलं, तुम्हाला राग येईल."

"राग कसला? खरं तेच बोललीस." हे वाक्य त्यांना स्वतःलाच फार आवडलं.

"मग उद्यापासून?" तिने हळूच विचारलं.

"उद्यापासूनच," ग्रंथपाल म्हणाले.

ती पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली, तेव्हा तिच्या तळहातावर शेंगदाण्याएवढे दोन पांढरे इअरबड होते. साबणाची एक जाहिरात त्यांतून बारीक किणकिणत होती.

"घाईत ओट्यावरच राहिले. टीव्हीचा सगळा आवाज यांतच येतोय."

"हे कधी घेतलेस?"

"सहा महिने झाले. तुमची झोप मोडू नये म्हणून. केसांखाली दिसत नाहीत." मग तिने मागे वळून बघितलं. "दार कोणी लावलं होतं?"

"कुणकुण येत होती," ग्रंथपाल म्हणाले.

"ती मीच होते."

तिने इअरबड डबीत ठेवले, तसे ते बंद झाले. त्याबरोबर तीच साबणाची जाहिरात टीव्हीतून शंभरच्या आवाजात फुटली. कपाटाच्या काचा थरथरल्या. रिमोट सापडेना. वरून शिंपीदादांनी जमीन ठोकली.

"ग्रंथपालसाहेब, आवाज कमी करा!"

घर पुन्हा गप्प झाल्यावर ग्रंथपालांनी विचारलं, "काय बोलली होतीस?"

"चौतीस वर्षं प्रत्येक घोषणा तीन-तीनदा केली," ती म्हणाली. "हे एकदाच बोलायचं होतं." आवाजात राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते वाटणं दुसऱ्या दिवशीही गेलं नाही. दुपारची झोप त्यांनी सोडली. आता ते तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसतात. उद्यापासून काय, हे त्यांना अजून कळलेलं नाही. विचारलं की ती म्हणते, "जाऊ द्या हो." समोर मुका टीव्ही चालू असतो. ती हसली की तेही हसतात, थोडे उशिरा.

परवा त्यांनी धीर करून म्हटलं, "अगं, आवाज वाढव ना."

तिच्या दोन्ही कानांत इअरबड होते. तिला ऐकू गेलं नाही.