कुटुंब नियोजनाचा निळा पडदा

खासगीपणा हा रुग्णाचा मूलभूत हक्क आहे. आणि हक्क म्हटला की तो आधी भिंतीवर रंगवावा लागतो. त्यानुसार आरोग्य केंद्रात सेवेचा दर्जा सुधारला, तेव्हा कुटुंब नियोजनाच्या टेबलामागे 'आपली गोष्ट आपल्यातच' अशी पाटी लागली आणि टेबलापुढे निळा पडदा. (पडद्याने आवाजही अडवावा, अशी अट निविदेत नव्हती.)

पडद्याचा पहिला लाभ मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाईला मिळाला. दुसऱ्या मुलीनंतर तिने सासूच्या नकळत तांबी बसवून घेतली होती. पण हल्ली अंगावरून इतकं जाई, की मशीनवर बसणं नको होई. तांबी काढून दुसरं काही मिळेल का, एवढंच तिला विचारायचं होतं. तेही हळूच.

मात्र डोक्यावर पंखा खडखडत होता, आणि नव्या नियमाप्रमाणे सल्ला 'स्पष्ट आवाजात' द्यायचा होता.

"म्हणजे तांबीचं सासूला माहीतच नाही?" सिस्टरने स्पष्ट आवाजात विचारलं.

बाहेरचा बाक एकदम चिडीचूप झाला. सेवेत लोकसहभाग वाढवा, असं वरून कितीदा तरी कळवलं गेलं होतं. तो त्या क्षणी आपोआप वाढला.

"माझ्या जावेचंही अस्संच व्हायचं. गोळ्या घे म्हणावं तिला," पडद्याबाहेरून एक बाई म्हणाल्या.

रक्तदाब तपासायला आलेल्या निवृत्त मास्तरांनी नवऱ्याची संमती आहे का, अशी तात्त्विक शंका काढली. (मास्तरांना सहा मुलं. अनुभव दांडगा.) सासूची जिवाभावाची मैत्रीण गुडघे दाखवायला आली होती, ती नंबर सोडून तरातरा सासूकडे निघाली. त्या गुडघ्यांना इतका गुण कुठल्याच औषधाने आला नव्हता.

शिवणवाली उठली. "राहू द्या सिस्टर. झाली तेवढी शोभा पुरे."

सिस्टरचा चेहरा खर्रकन उतरला. तिने बाईचा हात धरला, तिला औषधांच्या कोठीत नेलं आणि आतून कडी लावली. खोक्यांवर बसून दोघी बोलल्या. सावकाश, आणि इतक्या हळू, की बाकाला अक्षर कळलं नाही.

बाकाने केंद्राच्या साहेबांकडे एकमुखाने तक्रार केली : सेवेचा दर्जा घसरला आहे. साहेबांनी सिस्टरकडून खुलासा मागवला.

घरी सासू उंबऱ्यातच उभी होती. "कळलंय मला सगळं! आता काय करून आलीस?"

"मला बरं वाटेल असं," सून म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. सासूचं तोंड चालू राहिलं, आणि मशीनही.

तर तिने नेमकं काय निवडलं? गोळ्या, इंजेक्शन, की आणखी काही? आम्हाला ठाऊक आहे, आणि सांगायला हरकतही नाही. फक्त एक कळू द्या : आपण तिचे कोण लागता?