शेवटचा डबा

जुन्या रेल्वे कंपन्यांचे शेअर जमवणं म्हणजे, खरं सांगायचं तर, बुडालेल्या पैशांचा अल्बम करणं. या नवरोबांना असं कुणी म्हटलं की ते मनापासून दुखावत. नोकरी रेकॉर्ड विभागात, आयुष्य फायलींत गेलेलं. घरी येऊन हातपाय धुतले की माणूस पुन्हा कागदांतच बसायचा. कंपनी जितकी साफ बुडालेली, तितके ते खूश. (लोक चालत्या कंपन्यांच्या मागे लागतात, आमच्याकडे सगळं उफराटं, असं बायको म्हणायची.)

अल्बममधलं एक पान मात्र रिकामं होतं आणि त्यावरचा कागद याच घरात, कपाटात चादरींच्या खाली होता. सासरे एका छोट्या रेल्वे कंपनीत गार्ड होते. कंपनी बुडाली तेव्हा थकलेल्या पगाराऐवजी त्यांच्या हातावर एक शेअर सर्टिफिकेट टेकवलं गेलं. त्यावर नाजूक रेषांची आगगाडी होती, तिचा चिमुकला शेवटचा, गार्डाचा डबा पार डाव्या कडेला. मुलीला मांडीवर घेऊन ते त्या डब्यावर बोट ठेवत आणि म्हणत, "हा मी." त्यांचा धड एक फोटोही मागे राहिला नव्हता. तिच्या लेखी बाबा त्या डब्यातच होते.

वर्षानुवर्षं नाही म्हणत आलेली बायको त्या आठवड्यात विरघळली. छंदाच्या मंडळातले सगळ्यांत जाणते काका रविवारी अल्बम बघायला येणार होते आणि नवऱ्याचं तोंड बघवत नव्हतं. तिनं सर्टिफिकेट त्यांच्या हातात दिलं.

"लावा. पण जसं आहे तसं राहायला हवं."

"जिवापेक्षा जपेन," ते म्हणाले.

आणि जपलंही. ती बाजारात गेल्यावर त्यांनी साबणानं हात धुतले, पुसले, न राहवून पुन्हा धुतले. श्वास रोखून सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पाकिटात सरकवलं. पाकीट अल्बममध्ये अडकवायचं तर त्याला भोकं हवीत. ती आधी पाडायची, कागद मग घालायचा, हे त्यांनी ऑफिसात कैक नवशिक्यांना शिकवलं होतं. पण हात सराईत, मन आनंदात. पंचिंग मशीन दाबलं गेलं. कच्.

शेवटचा डबा गेला होता.

त्यांनी मशीनचं पोट ताटात उपडं केलं. आत ऑफिसातल्या जन्मभराच्या टिकल्या: रजेचे अर्ज, चौकशीचे अहवाल, सगळ्यांचे गोल तुकडे. त्या ढिगात चिमट्यानं ते सासरे शोधत बसले. (हयात असताना त्यांना भेटायला जायचाही कंटाळा केला होता, हे नेमकं तेव्हाच आठवलं.) अखेर डबा सापडला. त्यांनी तो खळ लावून जागेवर बसवला, खालचं दुसरं भोक कोऱ्या टिकलीनं बुजवलं आणि बायको आल्यावर तोंडातून चकार शब्द काढला नाही. तिनं पान पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

रविवारी काका आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन ते बरेच दिवस पुढे ढकलत आले होते, पण भिंगावर त्यांचा गाढ विश्वास होता. त्या पानाशी ते थबकले, वाकले, आणखी वाकले.

"अहो, हा डबा उलटा आहे. चाकं वर, छप्पर खाली."

नवरोबांनी पान उलटायला हात पुढे केला.

"छापखान्याची चूक," काका दबल्या आवाजात म्हणाले. "असला नग जन्मात बघितला नाही. तुम्ही भाग्यवान आहात."

आता खरं बोलावं की नाही? नवरोबांनी विचार केला, आणि मान खाली घालून, ते भाग्य नम्रपणे स्वीकारलं. मंडळाच्या पुढच्या बैठकीत यावर चार शब्द बोला, असा काकांनी आग्रह धरला, तोही त्यांनी स्वीकारला.

बायको दारात उभी होती. ती शांतपणे पुढे आली, तिनं ते पान अल्बममधून काढून घेतलं आणि पदरानं हलकेच पुसलं.

"चूक छापखान्याची नाही, काका. जावयाची आहे," ती म्हणाली. "बुधवारपासून बाबा खाली डोकं वर पाय करून बसलेत, आणि मी वाट बघतेय, हे कधी तोंड उघडतात त्याची."

काकांनी भिंग उचललं आणि पहिल्यांदाच नवरोबांना नीट न्याहाळलं.