वन्संच्या आवाजावर पारखलेला हेडफोन

हेडफोन घेणं म्हणजे काही घर घेणं नव्हे, असं हळूबाईंचं ठाम मत होतं. दुकानात जायचं, कानाला लावून बघायचा, बटणांच्या डब्यात साठवलेले पैसे द्यायचे आणि शिलाई मशीनवर लावलेला पडदा गार व्हायच्या आत घरी! कुणाला कळायचं नाही, कुणी दुखावायचं नाही, आणि उद्याचा सकाळचा देवाचा पाठ अगदी निर्विघ्न!

हळूबाई हे नाव पडलं ते त्यांच्या आवाजावरून. त्या बोलल्या की समोरच्याला वाटायचं, शेजारच्या खोलीत कुणी पुस्तकाचं पान उलटलं. त्या घरी पडदे शिवून देत, आणि गिऱ्हाइकं शिलाईचा भाव त्यांच्या ओठांकडे बघून ओळखत. रोज सकाळी डोळे मिटून त्या नेम धरायच्या, आज कुणालाही टोचून बोलणार नाही. हा नेम आजवर कधी मोडला नव्हता. मनात जे साचेल ते त्या ओठांतल्या ओठांत देवाला सांगून मोकळ्या व्हायच्या. देवाला सगळं ऐकू येतं आणि तो कुणाला सांगत नाही, ही केवढी मोठी सोय!

अडचण एकच होती. ती दोन दिवसांसाठी म्हणून राहायला आली होती आणि आता या घरात तिची स्वतःची खुर्ची होती, स्वतःची खुंटी होती आणि शेजाऱ्यांशी स्वतःची वेगळी भांडणं होती. वन्सं! म्हणजे यजमानांची थोरली बहीण. मन अगदी लोण्याचं, पण तोंड म्हणजे वायसर गेलेला नळ. दिवसा धो धो वाहायचा आणि झोपेतही ठिबकायचा! यजमान पेपरामागे लपायचे. हळूबाईंना तीही सोय नव्हती.

परवा तर कहरच झाला. हळूबाई पाठाला बसल्या होत्या आणि वन्सं दारात उभं राहून प्लंबरची कैफियत सांगत होत्या. हळूबाई भक्तिभावाने म्हणाल्या, "देवा, तू दयाळू, तू कृपाळू, तू प्लंबर!" जीभ चावून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली, तर दुसऱ्या खेपेला देवाला पाइप बदलून द्यायची विनंती करून बसल्या!

तेव्हाच ठरलं. पाठ फोनमध्ये भरून घ्यायचा, कानावर चांगला जाडजूड हेडफोन चढवायचा आणि आतल्या आवाजाबरोबर म्हणत जायचं.

पिशवी उचलून त्या पावलांचा आवाज न करता दारापर्यंत पोहोचल्या.

"कुठे निघालीस गं वहिनी?"

खोटं बोलणं हळूबाईंना जमत नसे. "हेडफोन आणायला. पाठ नीट ऐकू यावा म्हणून."

हे खरंच होतं. फक्त अख्खं नव्हतं.

"एकटी? अगं, लुबाडतील तुला! तुझं बोलणं दुकानदाराला ऐकू येईपर्यंत त्याने बिल फाडलेलं असेल. थांब, चप्पल घालते!"

दुकान मोठं होतं. एका बाजूला फ्रिज, दुसऱ्या बाजूला कपडे धुण्याची यंत्रं आणि मधल्या काचेच्या कपाटात हेडफोन. सेल्समनने टाय इतका आवळला होता की त्याचा आवाज मानेखालून कुठून तरी येत होता.

"मॅडम, बजेट?"

हळूबाईंनी सांगितलं.

"काय?"

हळूबाईंनी पुन्हा सांगितलं. सेल्समनने कान पुढे केला. शेवटी वन्संनीच तो आकडा असा जाहीर केला की फ्रिजपाशी उभं असलेलं एक जोडपं कणवेने वळून बघायला लागलं.

"त्यात काय येतं ते दाखव बाबा," वन्सं म्हणाल्या, "आणि जुना माल गळ्यात मारू नकोस. आमची वहिनी गरीब आहे, मी नाही!"

सेल्समनने आधी कानात खुपसायची बोंडं दिली आणि एक गाणं लावलं. "बघा मॅडम, काय बेस आहे!"

हळूबाईंनी मान हलवली. "गाणं नको. वन्सं, तुम्ही बोला ना."

"मी? काय बोलू?"

वन्संना हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच पडला असावा.

"काहीही. मनाला येईल ते."

वन्संचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी बोला म्हणून विनंती केली नव्हती! "म्हणजे माझ्या आवाजावर पारखणार? अगं, आधी नाही का सांगायचं!" आणि पदर खोचून त्यांनी थेट गुडघ्यापासून सुरुवात केली. उजव्या.

बोंडांतून गुडघा लख्ख ऐकू आला, अगदी वाटीसकट. ती परत गेली. दुसरा हेडफोन कानावर नुसता टेकायचा. त्यातून गुडघा थोडा दबला, पण डॉक्टरची फी आणि डॉक्टरच्या बायकोचा तोरा जसाच्या तसा आत येत होता. हळूबाईंनी तोही काढून ठेवला.

सेल्समन जवळ वाकला. "मॅडम, तुम्हाला नेमका कोणता आवाज बंद करायचाय?"

सेल्समनने वन्संकडे बघितलं. वन्सं आता डाव्या गुडघ्यावर आल्या होत्या.

"समजलं," तो म्हणाला. "आमच्याकडे सासूबाई आहेत."

आणि तो शिडी लावून वर चढला! वरच्या फळीवरून त्याने एक भलामोठा काळा हेडफोन काढला. कानांच्या जागी दोन उशाच होत्या म्हणा ना. "हा डिस्प्लेचा पीस आहे. बाजूला एक ओरखडा आहे, म्हणून तुमच्या बजेटमध्ये बसवतो. नाहीतर याची किंमत ऐकायलाही हेडफोन लागतो!"

त्याने तो हळूबाईंच्या डोक्यावर चढवला, बटण दाबलं आणि समुद्राच्या लाटा लावल्या.

आणि काय सांगावं! वन्सं गेल्या. म्हणजे होत्या समोरच. हात हलत होते, भुवया नाचत होत्या, तोंड काचेच्या टाकीतल्या माशासारखं उघडत-मिटत होतं. पण आवाज? टिपूसभरही नाही. नुसत्या लाटा! हळूबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. सवयीप्रमाणे त्यांनी हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत देवाला म्हणाल्या,

"देवा, तुझे उपकार रे! वन्सं बंद झाल्या! एकदाच्या बंद झाल्या!"

कानात समुद्र उसळत असला की माणसाला आपलाच आवाज कळत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं न वापरता घडी घालून ठेवलेला तो आवाज असा काही बाहेर पडला की फ्रिजपाशी असलेल्या जोडप्याने दचकून फ्रिजचं दार लावून घेतलं!

"सकाळी गुडघा, दुपारी प्लंबर, संध्याकाळी शेजारीण आणि रात्री पुन्हा गुडघा! मी हो म्हटलं तरी गुडघा, नाही म्हटलं तरी गुडघा! देवा, तुला दोन गुडघे देण्याची काय गरज होती रे?"

सगळं दुकान त्यांच्याकडे बघत होतं. हळूबाईंना वाटलं, किती भाविक माणसं आहेत ही! सेल्समन दोन्ही हातांनी काही तरी खुणावत होता. आवाज ठीक आहे का विचारत असेल, म्हणून त्यांनी त्याला अंगठा दाखवला.

वन्संचं तोंड मिटलं. मग अगदी थोडं उघडलं. त्या काही तरी विचारत होत्या. विचारणाऱ्याला होकार देणं ही हळूबाईंची जुनीच रीत.

काय विचारलं, ते नंतर सेल्समनने सांगितलं.

"वहिनी, मी एवढी बोलते?"

हळूबाईंनी गोड हसून मान डोलावली.

"तुला माझा कंटाळा आलाय?"

हळूबाईंनी प्रेमाने त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि जोरजोरात मान डोलावली.

"मग आजच बॅग भरू मी?"

"होऊ द्या सावकाश!" गुडघा पुरा करायला वेळ मागतायत असं समजून हळूबाई गरजल्या. "मी थांबते तुमच्यासाठी!"

मग त्यांनी समाधानाने हेडफोन उतरवला, आणि बाहेरही आतल्याइतकीच शांतता! वन्सं एका खोक्यावर बसल्या होत्या. बोलत नव्हत्या. अजिबात!

सेल्समनने खाली मान घालून सगळं सांगितलं. हळूबाईंनी घाईघाईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नेम मोडला! तोही कपडे धुण्याच्या यंत्रांसमोर!

"वन्सं," त्या कुजबुजल्या, "मी देवाशी बोलत होते हो..."

"तेच तर! थेट वर तक्रार केलीस माझी!" वन्संनी डोळे पुसले. "मला सांगायचं होतंस गं. मी काय ऐकलं नसतं?"

वन्सं आयुष्यात कुणाचं ऐकायला थांबल्या होत्या का कधी? पण हे हळूबाईंनी या वेळी मनातसुद्धा मोठ्याने म्हटलं नाही.

ज्या गोष्टीपायी नेम मोडला ती गोष्ट आपल्याकडे ठेवायची नाही, हा त्यांचा स्वतःपुरता कायदा होता. त्यांनी बटणांच्या डब्यातले पैसे दिले आणि तो खोका वन्संच्या मांडीवर ठेवला. "हा तुमच्यासाठी. आणि बॅग भरायची नाही. माझी शपथ आहे तुम्हाला!"

"मला? मला काय बंद करायचंय? तू तर बोलतच नाहीस!"

"तरीही घ्या."

वन्संनी हेडफोन उलटसुलट फिरवून बघितला, ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि जरा विरघळल्या. "पण ओरखड्याचे पैसे अजून कमी करून घ्यायला हवे होतेस तू!" त्या म्हणाल्या, आणि हळूबाईंचा जीव भांड्यात पडला. वन्सं बोलल्या होत्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी घर कसं चिडीचूप होतं. वन्सं पहाटेपासून कानांवर त्या उशा चढवून लाटा ऐकत बसल्या होत्या. हळूबाईंनी नेम धरला, डोळे मिटले आणि पाठाला सुरुवात केली. तू दयाळू, तू कृपाळू...

"वहिनी!!"

मशीनवर ठेवलेलं, बोटात घालायचं अंगुस्तान खाली पडलं! यजमानांच्या हातातला पेपर मधोमध फाटला!

"अगं वहिनी, काय जादू आहे गं यात! घर बघ कसं शांत शांत झालंय!! आणि डावा गुडघा म्हणशील तर..."

"वन्सं, जरा हळू," हळूबाई म्हणाल्या. ते अर्थातच कुणाला ऐकू गेलं नाही. वन्संना तर आता जगातलं कुणीच मध्ये थांबवू शकत नव्हतं. समोरच्या इमारतीतून मात्र कुणीतरी ओरडून विचारलं, "आणि उजवा कसा आहे?"

हळूबाईंनी देवाला सांगायला ओठ हलवले, पण एवढ्या कल्लोळात त्यालाही काही ऐकू जाईल असं त्यांना वाटेना. त्या हळूच उठल्या आणि बटणांचा डबा उघडून बघितला. उरलेल्या पैशांत आता एकच वस्तू बसत होती.

कापूस!